सरांना मेल टाकले, कुणाचंच उत्तर नाही, आता मामांची ओळख लावू का?

पत्र थोडक्यात: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली एक मुलगी लिहिते. एस.वाय.ला आहे, मायक्रोबायोलॉजी मेजर, सीजीपीए ७.१. पुढे एमएस्सी करायचंय आणि त्याआधी कुणातरी प्रोफेसरांच्या हाताखाली रिसर्च करायचाय. वर्गातल्या एका मैत्रिणीने मागच्या मे महिन्यात केला आणि आता ती वर्गात वेगळ्याच आत्मविश्वासाने बोलते म्हणे. हिने दिवाळीच्या सुट्टीत विद्यापीठातल्या, दोनापावलाच्या आणि वास्कोच्या संस्थांतल्या मिळून वीसेक जणांना "रिसर्च पोझिशन मिळेल का" असा मेल पाठवला, एकाचंही उत्तर नाही. मार्क कमी म्हणून असं तिला वाटतं. चौथीपर्यंत मराठी शाळा, त्यामुळे इंग्रजी बोलायची भीती. बाबा म्हणतात फुकट राबायचं कशाला, फार्मा कंपनीत ट्रेनी म्हणून जा. चोडणचे मामा म्हणतात त्या डिपार्टमेंटच्या ऑफिसात आपला माणूस आहे, एक फोन टाकतो. आणि स्वतःच्या कॉलेजातल्या मॅडमना विचारायला ती बिचकते, कारण "आमच्याकडे शिकून बाहेर कशाला जातेस" असं म्हणतील. तर मामांना फोन करायला सांगू का, आणि नसेल सांगायचं तर प्रोफेसरांना नक्की काय म्हणून विचारायचं?

तू पाठवलेला मेलही पत्रासोबत जोडलास हे फार बरं केलंस बघ, नाहीतर मी नुसते अंदाज बांधत बसले असते. सुरुवात "रिस्पेक्टेड सर/मॅडम". मग तुला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे, तू मेहनती आहेस, आणि तुमच्या नामांकित लॅबमध्ये संधी मिळाली तर आयुष्यभर आभारी राहीन. यात चुकीचं काही नाही गं, पण हाच मेल भरती-ओहोटीवर काम करणाऱ्या माणसाला गेलाय आणि बुरशीवर काम करणाऱ्यालाही गेलाय, आणि दोघांनाही तो वाचून कळत नाही की ही मुलगी आपल्याकडेच का आली. तुझ्या यादीतले दोघं तर फिजिकल ओशनोग्राफीवाले आहेत, ते मायक्रोबायोलॉजीच्या मुलीला काय काम देणार? शिवाय गोवा केवढा ते तुला माहितीये, एका डिपार्टमेंटची माणसं एकाच कँटीनमध्ये चहाला बसतात, एकच मेल चौघांना आलाय हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं.

आणि गंमत सांगू का, तुझ्या मेलमध्ये सीजीपीए कुठेच नाहीये. तो आहे जोडलेल्या सीव्हीत, दुसऱ्या पानावर, आणि ती फाईल कुणी उघडली असेल असं मला अजिबात वाटत नाही. म्हणजे ज्या मार्कांमुळे आपल्याला नाकारलं असं तू महिनाभर मनाशी धरून बसलीयेस ते मार्क त्यांनी बघितलेलेच नाहीत. वर मेल गेले दिवाळीच्या सुट्टीत. तेव्हा सेमिस्टर संपत आलेलं असतं, पेपर काढायचे, तपासायचे, स्कॉलर लोकांचे रिपोर्ट, अशा दिवसांत आलेला अनोळखी मेल खाली सरकतो आणि खालीच राहतो. उत्तर न येणं म्हणजे नकार असं आपण धरून चालतो, पण नकार द्यायलासुद्धा कुणीतरी मेल वाचावा लागतो ना.

आता "पोझिशन"बद्दल. तू असं धरून चाललीयेस की आत कुठेतरी एक खुर्ची रिकामी आहे आणि ती सरांनी कुणालातरी द्यायची आहे. प्रोजेक्टवर पगारी जागा असतात, जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो), प्रोजेक्ट असोसिएट वगैरे, त्यांची जाहिरात निघते आणि त्याला बहुतेक वेळा एमएस्सी लागते. एस.वाय., टी.वाय.च्या मुलांसाठी अशी जागा बहुतेक ठिकाणी नसतेच. एखादा मुलगा किंवा मुलगी येते, चिकाटीची वाटते, मग सर विचार करतात की हिला काय देता येईल, आणि त्यातून काम तयार होतं. त्यामुळे "जागा आहे का" या प्रश्नाचं खरं उत्तर "नाही" असंच असतं आणि तू तोच प्रश्न विचारलास.

त्यांच्या बाजूने जरा बघ. तू लॅबमध्ये आलीस की पहिले काही आठवडे तू काम करत नाहीस, तुला शिकवण्यात दुसऱ्याचं काम थांबतं. आणि शिकवणारे सर नसतात, शिकवते ती पीएचडीची स्कॉलर, जिची फेलोशिप संपत आलेली असते आणि जिला स्वतःचा थीसिस उरकायचा असतो. मीडिया (म्हणजे जंतू वाढवायचं खाद्य), प्लेट्स, केमिकल्स कुणाच्यातरी प्रोजेक्टच्या पैशातून येतात. हे सगळं करून झाल्यावर पोरगी इंटर्नलच्या आठवड्यात गायब झाली, मग चवथीला गावी गेली ती दहा दिवस आलीच नाही, फोन बंद, आणि इन्क्युबेटरमध्ये तिच्या प्लेट्स वाळून गेल्या, असा अनुभव जवळजवळ प्रत्येक प्रोफेसरने घेतलेला असतो. म्हणून तुझ्यासारखी कुणी समोर उभी राहिली की त्यांच्या डोक्यात चालू असतं ते एवढंच की ही टिकेल का. तुझा सगळा मेल, सगळी भेट या एका प्रश्नाचं उत्तर असायला हवी. हुशार आहे का हा प्रश्न फार नंतर येतो.

पण मार्क काहीच नसतात असंही मी तुला सांगणार नाही, तसं सांगणारे खूप भेटतील. लॅबमध्ये शिरायला ७.१ पुरे. पुढे मात्र आकडा आडवा येतो. गोव्यात २०२३-२४ पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम लागू झाला, त्यात चौथं वर्ष रिसर्चसह ऑनर्स करायचं असेल तर यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के मागितलेत, आणि त्या वर्षी १२ क्रेडिटचा रिसर्च प्रोजेक्ट असतो. तू अजून एस.वाय.ला आहेस, हाताशी सेमिस्टर आहेत. कॉलेजच्या ऑफिसात आत्ताच विचार की सीजीपीएचं टक्क्यांत रूपांतर कसं करतात आणि तुला किती वर न्यायला लागेल. हे सुट्टीतल्या लॅबपेक्षा महत्त्वाचं आहे असं मी म्हणेन, लॅबच्या नादात दोन विषय राहिले तर ते सर काही तुझ्या मदतीला येणार नाहीयेत.

मैत्रीण वेगळ्या आत्मविश्वासाने बोलते, हे वाक्य तुझ्या पत्रात दोनदा आलंय. हेवा वाटला म्हणून काही करावंसं वाटणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही, अर्ध्या जगाची सुरुवात तिथूनच होते. फक्त आत गेल्यावर काय असतं ते माहीत असू दे. पहिला महिना म्हणजे ऑटोक्लेव्ह लावणं, अगार ओतणं, काचसामान धुणं, शेकडो ट्यूबवर मार्करने बारीक नंबर घालणं, आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघायचं तर प्लेटवर आपल्याला हवं ते सोडून भलतंच काहीतरी उगवलेलं. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. हे करताना ज्यांना "पण हे भलतं उगवलं कुठून" असा प्रश्न पडतो ती मुलं तिथे रमतात. ज्यांना तो पडत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, मायक्रोबायोलॉजी घेऊन करण्यासारखं बाकी पुष्कळ आहे. तुला कुठलं आहे ते दोन-तीन आठवड्यांत कळेल, घरी बसून नाही कळणार.

बाबांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही हं. मे महिन्याच्या उन्हात वाळपईहून पणजी, तिथून दुसरी बस पकडून ताळगावच्या पठारावर विद्यापीठात, परत तसंच, आणि हातात एक रुपया नाही, बापाला प्रश्न पडणारच. पण फार्मा विरुद्ध लॅब अशी जी मांडणी घरात झालीये ती मला पटत नाही. वेर्णा, कुंडई, पिसुर्ले या वसाहतींत ज्या कंपन्या आहेत त्यांच्या मायक्रोबायोलॉजीच्या क्यूसीमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, काय करतात? मीडिया तयार करतात, हवेतले आणि पाण्यातले जंतू मोजतात, प्लेट वाचतात, आणि सगळं नीट नोंदवून ठेवतात. म्हणजे लॅबमध्ये जे फुकटात शिकशील तेच तिथे विकलं जातं. बाबांना असं सांग की एक मे महिना मला द्या, पुढच्या मे महिन्यात कंपनीत जाईन. ही सरळ वाटणी आहे आणि दोन्हीकडचं बघून झालं की टी.वाय.नंतर काय करायचं हे ठरवताना तू हवेत बोलणार नाहीस. हां, आणि घरात खरंच पैशाची ओढ असेल तर कंपनी आधी, लॅब नंतर, त्यात कमीपणा मानू नकोस.

मामांकडे येते आता.

ओळख वाईट असं मी सरसकट म्हणत नाही, गोव्यात राहून तसं म्हणणं म्हणजे ढोंग. पण ऑफिसातल्या माणसाने सरांना "आमच्या भाचीचं बघा जरा" म्हटलं की काय होतं ते बघ. सरांना नाही म्हणता येत नाही, म्हणून ते हो म्हणतात. तू जातेस, तुला कोपऱ्यातलं एक स्टूल मिळतं, स्कॉलरला कळतं की ही वरून आलीये, ती तुझ्याशी गोड बोलते आणि शिकवत काहीच नाही. महिन्याने सर्टिफिकेट घेऊन तू घरी. मन मारून घेतलेली मुलगी आणि विचार करून घेतलेली मुलगी यांना मिळणारा महिना सारखा नसतो. त्यामुळे तो फोन नको.

पण तू पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंस की मामांची चोडणला खाजनात शेती आहे आणि अजून थोडं कोरगुट लावतात, ते वाचून मी सरळ बसले. अगं, हे मेलमध्ये का नाही लिहिलंस? तू यादीत ज्या मॅडमचं नाव पहिलं घातलंयस त्या खारट मातीतल्या जिवाणूंवर काम करतात असं तूच सांगतेस. खाजन म्हणजे खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवून केलेली जमीन, पावसाने मीठ धुऊन गेलं की त्यात कोरगुटसारखं मीठ सोसणारं भात लावायचं, कापणी झाली की मानसीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, खारं पाणी आत घेऊन मासळी. वर्षभरात एकाच मातीत मीठ चढतं आणि उतरतं. मातीतल्या जिवाणूंवर काम करणाऱ्याला अशा शेतातले नमुने महिन्यामहिन्याला, मालकाच्या परवानगीने, मानस कधी उघडली कधी बंद केली याच्या नोंदीसकट मिळणं ही मोठी गोष्ट आहे. बाहेरून आलेल्या स्कॉलरला बांधावर कुणी उभं करत नाही कधीकधी. मामांना तो फोन नको म्हणून सांग आणि त्याऐवजी शेतातून मातीचे नमुने घेऊ द्याल का ते विचार. शिवाय मे महिन्यात राहायलाही तिथेच जा, फेरीबोटीने रायबंदर, तिथून पणजी जवळ, वाळपईहून रोज येण्याजाण्यात जे चार तास जातील ते वाचतील.

बाकीच्या वाचकांनीही आपापलं असं काही आहे का ते शोधा. डिचोलीकडे घराजवळ बंद पडलेली खाण असेल, आगरवाड्याला कुणाचं मिठागर असेल, सत्तरीत देवराई असेल, कुणाचे आजोबा मोडी वाचणारे असतील. आपल्याला ते इतकं रोजचं असतं की सीव्हीत घालायचं सुचत नाही, आणि संगणकाचा बेसिक कोर्स मात्र पहिल्या ओळीत.

मेल लिहायच्या आधी एक-दोन संध्याकाळी वाचनाला दे. वीस जण सोड, तिघं निवड. त्यांचे पेपर गूगल स्कॉलरवर सापडतील, पण खरं सांगू का, पेपर पहिल्या फटक्यात डोक्यावरून जातात, सगळ्यांच्याच जातात. त्यापेक्षा शोधगंगावर जा, तिथे देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी थीसिस फुकट वाचता येतात, गोवा विद्यापीठाचेही आहेत. प्रोफेसरचं नाव गाईड म्हणून घाल. थीसिसचं पहिलं प्रकरण विद्यार्थ्याने स्वतः समजून घेत लिहिलेलं असतं, त्यामुळे ते पेपरपेक्षा खूप सोपं जातं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची, म्हणजे एनआयओचीही स्वतःची रिपॉझिटरी आहे, तिथे त्यांचे पेपर मिळतात. आणि थीसिसमधलं आभाराचं पान वाचायला विसरू नकोस. मी तर आधी तेच वाचते. चार विद्यार्थ्यांचे आभार वाचलेस की कळतं गाईड कसा माणूस आहे, कुणी मनापासून लिहिलंय आणि कुणी दोन ओळींत उरकलंय, लॅबमध्ये माणसं एकमेकांना धरून आहेत की नाहीत. (हे वाचून काही सर माझ्यावर चिडतील. चिडू देत.)

मेल मग छोटा होतो आपोआप. तुझ्यासाठी मी मराठीत लिहून दाखवते, तू तुझ्या साध्या इंग्रजीत उतरव, एआयकडून भरजरी करून घेऊ नकोस, तशा मेलचा वास आता त्यांना दुरूनच येतो:

"मॅडम, मी अमुक कॉलेजात एस.वाय. मायक्रोबायोलॉजीला आहे. तुमच्या विद्यार्थ्याच्या थीसिसमधलं खाजन मातीवरचं प्रकरण वाचलं. त्यात नमुने कापणीनंतर घेतलेत. भर पावसात, शेतात भात उभं असताना घेतले असते तर मीठ सोसणारे जिवाणू कमी मिळाले असते का, हे मला कळलं नाही. माझ्या मामांची चोडणला खाजनात शेती आहे, नमुने लागत असतील तर मी सोय करू शकते. परीक्षा संपल्यावर मे महिना अख्खा आणि जूनमध्ये कॉलेज सुरू होईपर्यंत मी रोज येऊ शकते, नंतर शनिवारी. सीजीपीए ७.१ आहे, मार्कशीट जोडली आहे. तुम्हाला सोयीच्या दिवशी पंधरा मिनिटं भेटता येईल का?"

यात तू जागा मागितली नाहीस, पंधरा मिनिटं मागितलीस, आणि पंधरा मिनिटांना नाही म्हणणं माणसाला जड जातं. प्रश्न मात्र तुझा खरा असू दे. वरचा माझा आहे, तो तसाच उचलून घातलास आणि मॅडमनी उलट काही विचारलं तर ततपप होईल. थीसिसमध्ये नमुने कधी, कुठून, किती खोलीवरून घेतले हे बघ, तिथेच कुठेतरी अडखळशील, जिथे अडखळशील तोच प्रश्न. आणि "मला अमुक तंत्र येतं" अशी फुगवाफुगवी नको, ग्रॅम स्टेनिंग आणि स्ट्रीकिंग येतं एवढंच येत असेल तर तेवढंच लिही, एस.वाय.च्या मुलीकडून जास्त अपेक्षाच नसते.

मे महिन्यासाठी विचारायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत विचार. एप्रिलच्या शेवटी मेल टाकणारी मुलं पुष्कळ असतात. मेलनंतर आठ-दहा दिवस थांब, त्याच मेलच्या खाली दोन ओळींची आठवण टाक, एकदाच. तरीही काही नाही आलं तर सरळ जा. हे मी मुंबईतल्या मुलीला सांगितलं नसतं, पण गोव्यात चालतं. डिपार्टमेंटच्या ऑफिसात फोन करून मॅडम कधी असतात ते विचार, अकराच्या सुमारास जा, थीसिसच्या त्या पानाची प्रिंट हातात ठेव. क्लास चालू असेल तर बाहेर थांब. कुणाकडून तरी पर्सनल नंबर मिळवून व्हॉट्सअॅपवर "गुड मॉर्निंग मॅम" पाठवायचं नाही, प्लीज. आणि एनआयओ किंवा वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रासारख्या सरकारी संस्थांत असं थेट आत जाता येत नाही, गेटवर नोंद असते, आणि काम करायचं ठरलं तर बहुतेक वेळा कॉलेजचं पत्र मागतात. म्हणून तिथे आधी मेलवर वेळ ठरवूनच जायचं. सीएसआयआरचा (एनआयओ ज्या सरकारी संशोधन परिषदेत येते तिचा) स्थापना दिवस २६ सप्टेंबर आणि राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारी, या दोन्हींच्या आसपास अशा संस्था बऱ्याचदा विद्यार्थ्यांना लॅब बघायला बोलावतात, त्या दिवशी जाऊन पोस्टरजवळ उभ्या असलेल्या स्कॉलरशी बोलणं हा सगळ्यात सोपा रस्ता. स्कॉलरला कुणी फारसं विचारत नाही, त्यामुळे तो भरभरून बोलतो, आणि लॅबमध्ये माणूस हवाय की नको हे सरांच्या आधी त्याला माहीत असतं.

कॉलेजचं पत्र म्हटलं की पुन्हा तुझ्या मॅडम आल्या. "बाहेर कशाला जातेस" असं त्या म्हणतील हे तुला कुणी सांगितलं? तू त्यांना विचारलेलंच नाहीस. माझा अंदाज उलटा आहे, बहुतेक कॉलेजच्या शिक्षकांनी एमएस्सी, पीएचडी इथेच कुठेतरी केलेली असते, त्यातल्या कितीतरी जणांशी त्यांची जुनी ओळख असते, आणि आपली मुलगी स्वतःहून विचारायला आली याचा त्यांना आनंदच होतो. त्यांना वाईट वाटतं ते परस्पर गेल्यावर, आणि मग तिकडून फोन आला की "ही मुलगी कशी आहे" तेव्हा. मामांच्या ओळखीच्या माणसाने टाकलेला शब्द आणि तुला दोन वर्षं प्रॅक्टिकलला बघितलेल्या मॅडमनी टाकलेला शब्द, यांचं वजन वेगवेगळं असतं हे वेगळं सांगायला नको. शिवाय कदाचित तुझ्याच कॉलेजात काहीतरी सुरू असेल, गोव्यातल्या काही कॉलेजांना डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) स्टार कॉलेज योजना मिळालेली आहे, त्यातून पदवीच्या मुलांच्या छोट्या प्रोजेक्टना पैसे मिळतात. विचारून बघ. वाळपईहून ताळगाव करण्यापेक्षा गावातल्या कॉलेजात चार महिने शांतपणे केलेलं काम एमएस्सीच्या मुलाखतीत जास्त बोलता येतं कधीकधी.

इंग्रजीचं म्हणशील तर आत गेल्यावर सर कोकणीत बोलतात का मराठीत ते बघ, बरेच जण आपणच सुरू करतात. बाहेरच्या राज्यातले असतील तर इंग्रजीच, पण त्यांचंही इंग्रजी काही बीबीसीचं नसतं. तुला फक्त तुझा प्रश्न आणि तुझे मोकळे दिवस इंग्रजीत नीट सांगता आले पाहिजेत, ती पाच-सहा वाक्यं आरशासमोर म्हणून जा. मध्ये अडकलीस तर "सर, मराठीत सांगू का" म्हण, कुणी खात नाही.

समज, मॅडम म्हणाल्या "आत्ता नको, नंतर बघू". आपल्याकडे हे नाही म्हणायची सभ्य पद्धत असते आणि कधीकधी ते खरोखर नंतर असतं, फरक चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून तिथेच विचार, "नंतर म्हणजे जूनमध्ये विचारू का?" महिना सांगितला तर खरं. नाही सांगितला तर आभार मानून ये आणि निघताना एवढं विचार की लॅबचे सेमिनार असतात त्याला मागे बसून ऐकलं तर चालेल का. याला सहसा हो म्हणतात. दोन-तीनदा दिसलीस की नाव लक्षात राहतं.

हो म्हणाल्या तर पहिल्याच दिवशी सर्टिफिकेट आणि पेपरवर नाव येईल का हे विचारू नकोस. सुट्टीत मदत करणाऱ्यांचं नाव बहुतेक वेळा आभारात येतं, लेखकांच्या यादीत यायला काम तेवढं असावं लागतं. शेवटच्या आठवड्यात तारखा आणि काय काम केलं हे लिहिलेलं पत्र माग, ते द्यायला कुणी कुरकुरत नाही. परीक्षेचं वेळापत्रक आणि चवथीची सुट्टी आधीच सांगून ठेव. आणि कामावर ठेवायला तुझ्याकडूनच पैसे मागणारी, ऑनलाइन "रिसर्च इंटर्नशिप" म्हणून रंगीत सर्टिफिकेट देणारी जी दुकानं निघालीयेत त्यांच्या वाटेला जाऊ नकोस, एमएस्सीच्या मुलाखतीत त्या कागदाकडे कुणी बघत नाही.

सायन्स न घेतलेल्यांची पत्रंही येतात, त्यांना एवढंच की लॅब नसली तरी हे सगळं तसंच लागू आहे. इतिहासवाल्यांना तर पणजीत पुराभिलेख खातं आहे, ज्याची सुरुवात पोर्तुगीज काळात १५९५ सालची, आणि पाट्टोला सेंट्रल लायब्ररी आहे. तिथे आठवडाभर बसून एखाद्या विषयाची कागदपत्रं कुठे आहेत याची यादी करून प्रोफेसरांकडे गेलात तर तुम्हाला कुणी हाकलणार नाही. मोडी किंवा पोर्तुगीज थोडंफार वाचता येत असेल तर तेच तुमचं खाजन समजा.

एक राहिलंच. तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची समर रिसर्च फेलोशिप देतात, बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या साइटवर अर्ज असतो, आणि निवड झाली तर देशातल्या कुठल्याही मोठ्या संस्थेत पाठवतात, विद्यावेतनही मिळतं. अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास सुरू असतात, म्हणजे यंदाचा चुकलाच असेल, पुढच्या वर्षाची तारीख आत्ताच बघून ठेव. त्याला शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. तेव्हा सोमवारी मॅडमकडे जाशील तेव्हा हेही बोलून ये, आणि त्यांना सीव्ही मेल करायच्या आधी ते दुसरं पान काढून टाक, आणि फाईलचं "सीव्ही न्यू फायनल २" हे नाव बदलून स्वतःचं नाव घाल.